मदत हवी आहे : आंब्यावरचं बांडगूळ काढू की ठेवू?

नमस्कार मंडळी. आमच्या जुन्या आंब्याच्या तीन फांद्यांवर बांडगूळ आलंय. केशरी नळीसारखी फुलं, जाडसर पानं. जिथे ते चिकटलंय तिथे फांदीला मुठीएवढी गाठ आलीय आणि तिच्यापुढचा शेंडा वाळत चाललाय. स्वतःच्या पानांत अन्न तयार करतं, पण पाणी आणि क्षार आंब्याचे ओढतं. म्हणजे अर्धपरजीवी.

काढायला मन होत नाही. सकाळी शिंजीर पक्षी फुलांवर येतात, आणि इवलासा फुलटोच्या पक्षी फळं खाऊन चिकट बी फांदीला पुसतो, ते तासभर बघत राहावंसं वाटतं. ऑस्ट्रेलियात जंगलातून बांडगूळ काढल्यावर पक्ष्यांच्या जाती घटल्याचा प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झालाय.

दुसरी काळजी मोठी आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना कुणीतरी या बांडगुळाच्या पानांचा काढा कॅन्सरवर सुचवलाय. युरोपात कॅन्सरच्या रुग्णांना इंजेक्शनसाठी वापरतात ती व्हिस्कम हेही बांडगूळच, पण वेगळी वनस्पती, आणि तिच्यातही विषारी प्रथिनं असतात. मी काढा थांबवलाय.

गाठीच्या किती खालून फांदी कापावी? एखादं बांडगूळ पक्ष्यांसाठी ठेवलं तर झाड तगेल का? आणि काढ्याबद्दल एखाद्या वैद्यांचा किंवा डॉक्टरांचा प्रत्यक्ष अनुभव असेल तर कृपया लिहा.