रीतीभाती पाळणाऱ्या माणसाला नेमकं काय म्हणायचं?

वाईकर:
थोरल्या काकूंची पंच्याहत्तरी आहे, घरचे मिळून छोटी पुस्तिका काढतोय आणि काकूंवरचा लेख माझ्याकडं आलाय. काकू म्हणजे सगळं रीतीनं करणाऱ्या, लग्नात कुणाचा मानपान चुकू देणार नाहीत, बावधनच्या बगाडाच्या जत्रेला आलेला पाव्हणा जेवल्याशिवाय जाऊ देणार नाहीत, सुतक असो सणवार असो सगळं यथासांग. पण सक्ती कुणावर नाही, धाकटी सून रोज मंगळसूत्र घालत नाही तर आजवर एका शब्दानं बोलल्या नाहीत. मी 'सनातनी' लिहिलं तर भावानं खोडलं, 'कर्मठ' लिहिलं तर चुलतबहीण चिडली. मग लिहू काय?

कृष्णाकाठ, सांगली:
बहिणीचं बरोबर आहे दादा. हिंदीत 'कर्मठ कार्यकर्ता' म्हणजे राबणारा, कौतुकाचा शब्द, आपल्याकडं मात्र कर्मठ म्हणजे ज्याला माणसापेक्षा सोवळं-ओवळं मोठं वाटतं तो. सनातनचा मूळ अर्थ नुसता 'कायम असणारं' एवढाच, पण मराठीत सनातनी म्हटलं की समोर सुधारक उभा राहतोच. आगरकर आपल्या कराडजवळच्या टेंभूचे, १८८८ साली त्यांनी 'सुधारक' नावाचं वर्तमानपत्र काढलं, आणि चिडलेल्या सनातन्यांनी पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. सुनेला मोकळीक देणाऱ्या बाईला त्या बाजूला कशाला बसवायचं?

माणदेशी:
'जुन्या वळणाच्या' लिहा की. आमच्याकडं म्हातारी माणसं हेच म्हणतात आणि त्यात माया असते, कारण वळण घरातनं लागतं. परंपरावादी, पुराणमतवादी वगैरे अग्रलेखात ठीक आहे, वादी म्हणजे मत घेऊन भांडणारा, तुमच्या काकू भांडत नाहीत, करून मोकळ्या होतात. घरंदाज तर अजिबात नको, त्यात खानदानाची ऐट येते.

कराडची लेक:
माणदेशी भाऊ, पटलं, पण एक बघा, देवाधर्माचं पाळणारा आणि लोकांचं पाळणारा ही दोन वेगळी माणसं असतात. आमच्या गावात माळकरी आहेत, एकादशी चुकवत नाहीत, पण लग्नातल्या आहेर-मानपानाला सरळ नको म्हणतात. उलट काहीजण देवाला हात जोडत नाहीत पण 'चार लोक काय म्हणतील' म्हणून सगळं करतात. पहिल्याला श्रद्धाळू म्हणता येतं, दुसऱ्याला लोकलाजेला भिणारा. काकू दोन्हीत बसत नाहीत असं मला तुमच्या लिहिण्यावरनं वाटतंय, त्या माणसं जोडायला रीत वापरतात. म्हणून 'रीत पाळणाऱ्या' पण नको, 'रीत सांभाळणाऱ्या' लिहा. पाळायचा तो नियम, सांभाळायचं ते आपलं माणूस.

वाईकर:
ताई, हेच सापडत नव्हतं. पहिल्या ओळीत 'जुन्या वळणाच्या, रीत सांभाळणाऱ्या' टाकतो आणि लगेच खाली सुनेची गोष्ट, तिला विचारूनच. भावाला आत्ताच पाठवलंय.