११ वर्षांनी पुन्हा शाळेत : ५ हजारांत काय करू?

दापोलीची_सून: बी.एस्सी. बी.एड., गणित-विज्ञान. २०१३ ला टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर पास. मग दोन मुलं, सासऱ्यांचं आजारपण, शाळा सुटली ती सुटलीच. धाकटी आता पहिलीत. जूनपासून शिकवायचं म्हणतेय. खर्च ५ हजारांच्या आत, संध्याकाळी सहाला घरी. क्लास लावू की पुस्तकं घेऊ? टीईटीची ७ वर्षं संपली, म्हणजे परत देणं आलंच ना?

माधुरी_पुणे: सरळ इथे येऊन ३ महिने क्लास कर. मी ४० हजार भरले, वसूल झाले. मुलं आईकडे ठेव.

काजूबोंडू: ५ हजार म्हणतेय ती. वाचा तरी!

मालवणी_माणूस: माज्या भयनीन पण असोच क्लास लावलेल्यान. पैशे गेले दर्यात.

निवृत्त_मास्तर: ३१ वर्षं खडू झिजवला, कसली टीईटी नव्हती. आता सप्टेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने नोकरीतल्यांनाही लागली. ज्यांची ५ वर्षांहून जास्त नोकरी उरलीय त्यांना २ वर्षांत पास व्हायचंय. माझा भाचा पन्नाशीत गाईड घेऊन बसतो, पोरगी त्याचे पेपर तपासते. आणि २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात बावीसचं 'वीस दोन' केलं, ते तर बोलायलाच नको.

काजूबोंडू: जोडाक्षरांत अडकणाऱ्या पोरांना सोपं जातं ते, मास्तर.

निवृत्त_मास्तर: आम्ही नाही अडकलो.

लांजेकर: टॅब घ्या. मी २२ हजारांचा घेतला, झक्कास चालतो.

काजूबोंडू: पावसात चार दिवस लाईट नसते तेव्हा पण?

देवरुखची_बाई: ताई, टीईटी परत नको. २०२१ ला ती मुदत काढून आजन्म केली, २०११ पासूनच्या सगळ्यांना. नववी-दहावीला तर टीईटी लागतच नाही. कायम नोकरी हवी तर शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल, म्हणजे भरतीची सरकारी साईट. वयाची अट आधी बघा. पुस्तकं विकत घेऊ नका, बालभारतीच्या साईटवर फुकट आहेत. नववीची २०१७ ला बदलली, दहावीची २०१८ ला. मी ९ वर्षांनी परतले तेव्हा जुन्या वहीवरून धडाधड फळा भरला. पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "बाई, हा धडा आता नाहीये." तिसऱ्या तासाला आवाजही बसला. घरी मोठ्याने शिकवायची सवय करा, समोर भिंत असली तरी चालेल.

माधुरी_पुणे: क्लासमध्ये हेच शिकवतात.

मालवणी_माणूस: ४० हजारात?

दापोलीची_सून: सगळ्यांचे आभार, देवरुखच्या बाईंचे जास्त. पण ठरलं वेगळंच. गावातल्या हायस्कूलात गणिताच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर जातायत. काल तासिकेवर, म्हणजे जेवढे तास तेवढेच पैसे, हो म्हणून आले. मानधन विचारू नका. चालत १२ मिनिटं. ५ हजारांतून दोन सुती साड्या आणि छत्री घेतली.

माधुरी_पुणे: तासिकेवर? बी.एड. होऊन?

काजूबोंडू: छत्री कुठली घेतलीत? माझी दर आगोटीला उलटी होते.