कुटुंबाची मालमत्ता ट्रस्टमध्ये टाकावी का? माझं मत: बहुतेक घरांनी टाकू नये

कोथरूडकर

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत, ज्येष्ठ नागरिक संघांत हल्ली सल्लागार मंडळी येतात आणि सांगतात, ‘मृत्युपत्राचे दिवस गेले, फॅमिली ट्रस्ट करा.’ म्हणजे मालमत्ता विश्वस्तांच्या नावे करायची आणि त्यांनी ती घरच्यांसाठी सांभाळायची. एक फ्लॅट, थोड्या ठेवी आणि कमावती दोन मुलं, एवढाच संसार असलेल्या माणसालाही ते ट्रस्ट गळ्यात घालतात. मला हे साफ चुकीचं वाटतं.

आधी खर्च बघा. मृत्युपत्राला स्टॅम्प ड्युटी नाही. दोन साक्षीदार लागतात, नोंदणीही ऐच्छिक. महाराष्ट्रात राहतं घर बायको-मुलं-नातवंडांना बक्षीसपत्राने दिलं तर मूळ ड्युटी २०० रुपये, वर स्थानिक अधिभार. तोच फ्लॅट ट्रस्टमध्ये टाकायचा तर १८८२ च्या न्यास (ट्रस्ट) कायद्याप्रमाणे नोंदणीकृत दस्त हवा, आणि ती २०० रुपयांची सवलत नात्यातल्या व्यक्तींसाठी आहे, ट्रस्टसाठी नाही. बाजारभावावर खरेदीखताच्या दराने शुल्क मागितलं जातं. दीड कोटीच्या फ्लॅटला सहा टक्के म्हणजे नऊ लाख. शिवाय वेगळं पॅन, वेगळं खातं, दरवर्षी वेगळं विवरणपत्र.

‘वारसा कर परत येणार’ ही भीती दाखवतात. तो कर १९८५ साली रद्द झाला. न आलेल्या करासाठी आज नऊ लाख का भरायचे? दुसरी भीती मुंबईतल्या प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला घेण्याची. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं कलम २१३ काढून टाकलं, त्यामुळे ती सक्तीही गेली.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: ट्रस्ट रद्द करण्याचा हक्क हातात ठेवलात, तर उत्पन्न तुमच्याच डोक्यावर करपात्र. तो हक्क सोडलात, तर घर तुमचं राहिलं नाही. सत्तरीतल्या माणसाला स्वतःच्या घरात विश्वस्तांच्या मर्जीने राहायला सांगणं मला पटत नाही.

समुद्रिका

कोथरूडकर, तुमचा हिशेब बरोबर असेल, पण तो ज्यांची मुलं सही करू शकतात त्यांच्यासाठी आहे. माझा मुलगा चोवीस वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे. त्याला पैशाचा व्यवहार कळत नाही, कधी कळणारही नाही. मृत्युपत्राने मी त्याच्या नावावर फ्लॅट आणि ठेवी करेन. पुढे काय? बँकेत कोण जाणार? त्याच्या औषधांचे, मदतनिसाचे पैसे दर महिन्याला कोण देणार, आणि देतंय की नाही हे कोण बघणार?

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून पालकत्व घेता येतं, ते आम्ही घेतलंय. पण आमच्यानंतर जो पालक होईल, त्याच्या हातात सगळा पैसा एकदम यावा असं मला नको आहे. सांभाळणारा एक आणि पैसे सोडणारा दुसरा, अशी विभागणी मला हवी होती. ती ट्रस्टमध्ये मिळाली. माझी भाची आणि एक चार्टर्ड अकाउंटंट असे दोघे विश्वस्त आहेत, दोघांच्या सह्यांशिवाय मुद्दलाला हात लागत नाही. मुलगा एकटाच लाभार्थी आहे आणि त्याचा हिस्सा ठरलेला आहे. तो ठरलेला नसेल तर ट्रस्टच्या उत्पन्नावर सर्वांत वरच्या दराने कर लागू शकतो, म्हणून मसुद्यात हे नीट लिहून घ्यावं लागतं.

‘बहुतेक घरांनी टाकू नये’ असं शीर्षक वाचून माझ्यासारखी एखादी आई हा विचारच सोडून देईल, याची मला काळजी वाटते.

कोथरूडकर

समुद्रिकाताई, तुमच्या बाबतीत ट्रस्ट हवाच, वाद नाही. पण तो मृत्युपत्रातूनही करता येतो. ‘माझ्या पश्चात अमुक मालमत्ता अमुक विश्वस्तांकडे, अमुक कारणासाठी’ असं लिहिलं की ट्रस्ट तुमच्यानंतर सुरू होतो. स्टॅम्प ड्युटी वाचते, हयात असेपर्यंत मालकी तुमचीच. मग आजच कशाला?

समुद्रिका

कारण माणूस मरण्याआधी आजारीही पडतो. उद्या मला पक्षाघात झाला, स्मृतिभ्रंश झाला, तर मृत्युपत्र कपाटातच राहील, कारण मी जिवंत आहे. मुखत्यारपत्र आहे ना, असं लोक म्हणतात. पण आपल्या करार कायद्यात, देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या दिवशी तिची गरज, त्याच दिवशी ती निकामी. मग कोमातल्या माणसाच्या नातेवाइकांना पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. तोवर माझ्या मुलाचा मदतनीस बिनपगारी थांबेल का?

म्हणून आम्ही मधला मार्ग काढला. ठेवी आणि फंड आजच ट्रस्टमध्ये घातले, त्यांना घरासारखी ड्युटी नाही. राहता फ्लॅट मात्र मृत्युपत्राने ट्रस्टकडे जाईल.

भोसरी_वर्कशॉप

धंदेवाल्यांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्यासारख्या छोट्या कारखानदाराकडून बँक वैयक्तिक हमी लिहून घेते. एक मोठी पार्टी बुडाली की घरावर येतं. धंदा चालू असताना घर बाजूला काढून ठेवलं तर त्यात गैर काय? माझ्या बायकोने त्या घरासाठी दागिने मोडलेत.

सातारा_न्यायालय_परिसर

वर्कशॉपवाले साहेब, वकिली करतो म्हणून स्पष्ट सांगतो. कधी काढून ठेवलं, यावर सगळं ठरतं. धनकोंना (ज्यांचं आपल्याकडून येणं आहे त्यांना) हुलकावणी देण्यासाठी केलेलं हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द होऊ शकतं. हमी दिल्यावर, हप्ते थकू लागल्यावर केलेला ट्रस्ट कोर्टात टिकवणं अवघड. आणि हमी देताना बँकेला त्याच घराची मालमत्ता म्हणून यादी दिली असेल तर बोलायलाच नको.

तुमच्यासाठी दुसरी वाट आहे आणि ती बहुतेकांना माहीत नसते. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याच्या कलम ६ खाली नवऱ्याने स्वतःच्या आयुष्यावर बायको-मुलांसाठी विमा घेतला, की ती पॉलिसी आपोआप ट्रस्ट होते. ती रक्कम नवऱ्याच्या धनकोंना मिळत नाही, अर्थात त्यांना फसवण्याच्या हेतूने हप्ते भरले नसतील तर. प्रस्ताव भरतानाच एक जादा फॉर्म जोडायचा. साध्या टर्म विम्यालाही चालतं. नऊ लाख कशाला?

शेतीबद्दलही सांगतो. वडिलोपार्जित जमीन एकटा बाप ट्रस्टमध्ये टाकू शकत नाही. ती त्याची एकट्याची नसते, २००५ पासून मुलीही जन्मतः सहहिस्सेदार आहेत. स्वकष्टार्जित जमिनीलाही आपल्याकडचे कूळकायद्याचे निर्बंध आडवे येतात. सातबाऱ्यावर ट्रस्टचं नाव लावून देतो असं कुणी म्हणाला तर त्याच्याकडून लेखी मत मागा.

मडगांवचो

गोव्यात तर मालमत्तेचा निम्मा भाग सक्तीच्या वारसांसाठी कायद्यानेच राखलेला असतो. त्यात लग्नानंतरच्या सामाईक मालकीमुळे नवरा-बायकोचा हिस्सा आधीच अर्धा-अर्धा. गोव्यातलं घर ट्रस्टमध्ये टाकायला निघालेल्या मुंबईकर नातेवाइकांनी आधी इथल्या नोटरीला विचारावं.

लेक_माहेरची

आतापर्यंत सगळे मालमत्ता ‘वाचवण्या’बद्दल बोलले. कुणापासून? आमच्या घरात वडिलांना सांगितलं गेलं, ‘जावयापासून आणि सुनेपासून घर वाचवा.’ ट्रस्ट झाला. भाऊ एकटा विश्वस्त, मी लाभार्थी. ‘विश्वस्तांना योग्य वाटेल तेव्हा, योग्य वाटेल तेवढं’ असं वाक्य त्यात आहे. वडील गेल्यापासून मला एक पैसा नाही आणि हिशेबाचा कागदही नाही. ट्रस्ट आणि मृत्युपत्र दोन्ही नसतं तर मला कायद्याने भावाइतकाच वाटा मिळाला असता. पक्षपाती मृत्युपत्र असतं तरी निदान उघड दिसलं असतं. इथे कागदावर मी आहे, हातात काहीच नाही.

सार्वजनिक ट्रस्टवर धर्मादाय आयुक्तांची नजर असते. खासगी ट्रस्टवर कुणाचीच नाही. न्यास कायद्याचं कलम १९ म्हणतं की लाभार्थ्याने मागितला तर विश्वस्ताने हिशेब द्यायचा. नाही दिला तर दिवाणी कोर्ट. सख्ख्या भावावर दावा लावायचा की गप्प बसायचं, हे मला दर राखीपौर्णिमेला ठरवावं लागतं.

आणि सुनेचं म्हणाल, तर सासरच्या मंडळींच्या मालकीच्या घरातही तिला राहण्याचा हक्क असू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय. तिला बाहेर ठेवण्यासाठी ट्रस्ट करणाऱ्यांनी तेवढं वाचावं.

कोथरूडकर

लेक_माहेरची, तुमचा प्रतिसाद वाचून माझं मत आणखी पक्कं झालं. पैसा सांभाळू न शकणारं कुणी घरात असेल, तरच ट्रस्ट. सांभाळू शकणाऱ्यांच्या हातून पैसा काढून घेण्यासाठी नको. आणि एकटा विश्वस्त कधीच नको, त्यातही जो स्वतः लाभार्थी आहे तो तर नकोच.

भोसरी_वर्कशॉप

मला ‘सांभाळू शकणाऱ्यांच्या हातून पैसा काढून घेण्यासाठी नको’ हे पटत नाही. आमच्या ओळखीत मोठा मुलगा व्यसनी आहे. बापाने दोन मजली घर नावावर केलं असतं तर ते सहा महिन्यांत विकलं गेलं असतं. तो सही करू शकतो, म्हणूनच ट्रस्ट लागला. विमा फॉर्मची माहिती मात्र उपयोगाची, उद्याच एजंटला विचारतो.

समुद्रिका

लेक_माहेरची, तुम्ही आधी वकिलामार्फत कलम १९ चा उल्लेख करून हिशेबाची लेखी मागणी पाठवा. दावा लगेच लावायची गरज नाही, पण मागणी केल्याची आणि नकार मिळाल्याची नोंद राहते. तिसरा तटस्थ विश्वस्त नेमायची तरतूद दस्तात आहे का तेही पाहा. नसेल तर कोर्टाकडून नेमून घेता येतो का, ते त्याच वकिलाला विचारा.

तुमचं वाचून आम्ही आमच्या दस्ताला पुरवणी जोडतोय: दरवर्षी जूनअखेर मुलाच्या पालकाला छापील हिशेब द्यायचा, आणि लागोपाठ दोन वर्षं दिला नाही तर तो विश्वस्त पदावरून जाईल. मसुदा तयार झाला की नावं काढून इथे टाकते. वकीलसाहेब, तुम्ही तो एकदा बघाल का?

सातारा_न्यायालय_परिसर

जरूर. भाची आणि सीए, दोघांपैकी एक गेला तर त्याच्या जागी कोण, हेही आत्ताच नावानिशी लिहा.