वीस फूट अंतर पुरत नाही

कड्यावर शाहीन ससाण्याचं (हा एक शिकारी पक्षी) घरटं असेल, तर त्यापासून वीस फूट बाजूने चढाईचा रूट घेतला तरी चालेल, असं या चर्चेत वर एका दादांनी सुचवलंय. मला ते अजिबात पटत नाही. अजिंठ्याच्या रांगेतले कडे आपल्याला चढायला बरे वाटतात ते हिवाळ्यात, आणि शाहीन ससाण्याची वीणही साधारण जानेवारी ते एप्रिल. तो काटक्यांचं घरटं बांधत नाही. कपारीत नुसत्या मातीवर ३-४ अंडी घालतो. खालून काहीच दिसत नाही! पक्षी ओरडत घिरट्या घालू लागला की समजा, अंडी उघडी पडली. आपल्याकडच्या मार्चच्या उन्हात ती किती टिकणार? दोर आवरा, सरळ खाली उतरा. कपारीखाली विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले तर आधी दुर्बिणीतून निवांत बघा. हा रूट आपण ऑक्टोबरात करू, तोवर पिल्लं उडालेली असतात.