एक्स-रेमध्ये काही नाही, एमआरआयमध्ये गादी सरकलेली: मग खरे चित्र कोणते?

शिवाजीपार्ककर (प्रश्न):

नमस्कार. माझ्या सासूबाईंना (वय ६८) गेले दोन महिने कमरेपासून डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ येत होती. प्रथम कमरेचा एक्स-रे काढला. वयोमानानुसार झालेली झीज सोडली तर त्यात काही नाही, असा अहवाल आला. कळ मात्र थांबेना, म्हणून परळला एमआरआय केला, तेव्हा कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील गादी मागे सरकून नसेवर दाब देत असल्याचे स्पष्ट दिसले. उपचार चालू आहेत आणि त्याबद्दल मला सल्ला नको आहे.

माझा प्रश्न निराळा आहे. सासरे गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि यंत्रांविषयी त्यांची मते पक्की असतात. त्यांचे म्हणणे असे की एक्स-रे खोटा निघाला, पैसे वाया गेले आणि यापुढे काहीही दुखले तरी थेट एमआरआयच करायचा. मी वाणिज्य शाखेचा, त्यामुळे त्यांना ठामपणे उत्तर देऊ शकत नाही. हे दोन्ही शेवटी फोटोच ना? एक साध्या कॅमेऱ्याने काढलेला आणि दुसरा महागड्या कॅमेऱ्याने, एवढाच फरक आहे का? आणि ज्या यंत्रात कॅमेरा नाही, प्रकाश नाही, नुसती अर्धा तास ठोकाठोक चालते, त्यातून चित्र बाहेर येते तरी कसे?

स्कॅनवाला:

मी बावीस वर्षे मुंबईत क्ष-किरण विभागात तंत्रज्ञ म्हणून काम करतो आहे, आणि आपला प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी विचारला जातो. एक्स-रे खोटा निघालेला नाही. गादी दाखवणे हे त्याचे कामच नव्हे.

एक्स-रे म्हणजे सावली आहे. नळीतून निघालेले किरण शरीरातून आरपार जाताना काही प्रमाणात अडवले जातात आणि उरलेले पलीकडच्या पट्टीवर पोहोचतात. हाडातील कॅल्शियम ते पुष्कळ अडवते, म्हणून हाड पांढरे दिसते; फुप्फुसातील हवा जवळजवळ काहीच अडवत नाही, म्हणून ती काळी. स्नायू, नस आणि गादी मात्र किरणांना साधारण सारखाच अडथळा करतात, त्यामुळे सगळे एकाच करड्या रंगात मिसळून जाते. दोन मणक्यांमधील फट अरुंद झाली असेल तर गादी झिजली असावी, असा तर्क करता येतो, इतकेच. परंतु सासूबाईंच्या वयात मणका दबून मोडला आहे का, पुढे घसरला आहे का, हाड कुठे पोखरले आहे का, या शंका एक्स-रे दोन मिनिटांत आणि थोड्या पैशांत बऱ्याच अंशी दूर करतो. ते काम त्याने केले.

एमआरआय दुसरीच गोष्ट मोजतो, ती म्हणजे पाण्यातील आणि चरबीतील हायड्रोजन. नेहमीच्या यंत्राचे चुंबकीय क्षेत्र १.५ टेस्ला असते, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट. त्यात हायड्रोजनची अणुकेंद्रके एका ठरावीक वारंवारतेला प्रतिसाद देतात. १.५ टेस्लाला ती सुमारे ६४ मेगाहर्ट्झ असते, आपल्या एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या थोडी खाली. बाहेरच्या लहरी आत घुसू नयेत म्हणून त्या खोलीच्या भिंतींना आतून तांब्याचे अस्तर लावलेले असते. आपण रेडिओलहरींचा एक ठोका देतो, केंद्रके तो शोषतात आणि नंतर क्षीण संकेत परत पाठवतात. हा संकेत किती वेगाने विझतो, ते प्रत्येक ऊतीत वेगळे असते, आणि चित्रातील काळे-पांढरे त्यावरून ठरते. सासूबाईंची टी-टू प्रकारची, म्हणजे पाणी पांढरे दाखवणारी, फिल्म उजेडासमोर धरून पाहा. मणक्यांमागून उतरणारा पांढराशुभ्र पट्टा म्हणजे नसांच्या जुडग्याभोवतीचा द्रव. त्या पट्ट्याला चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या पातळीवर पुढून खाच पडलेली दिसेल. ती खाच पाडणारी काळपट वस्तू म्हणजे गादी. पाणी आटल्यामुळे ती काळी दिसते. निरोगी गादीचा मधला भाग उजळ असतो.

ठोकाठोकीचे कारण असे की, कोणता संकेत शरीराच्या कोणत्या जागेवरून आला हे कळावे म्हणून मुख्य चुंबकाच्या आत आणखी काही वेटोळी बसवलेली असतात. त्यांतील प्रवाह सेकंदात अनेकदा बदलतो, आणि इतक्या प्रबळ क्षेत्रात प्रवाह बदलला की वेटोळे हादरते. लाउडस्पीकरही याच तत्त्वावर वाजतो.

दादर_लोकल:

सासऱ्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे वाटत नाही. एमआरआय हे नंतर निघालेले तंत्र आहे आणि त्यात किरणोत्सर्गही नाही. परवडत असेल तर सर्वांत प्रगत तपासणीच आधी का करू नये?

निवृत्त_अणुशक्तीनगर:

नंतर निघाले म्हणून वरचढ, हा तर्क येथे लागू पडत नाही. पक्षाघाताचा रुग्ण आला की बहुतेक ठिकाणी आधी सीटी स्कॅन (क्ष-किरणांनीच, पण अनेक कोनांतून केलेली तपासणी) करतात, कारण तो काही सेकंदांत होतो आणि मेंदूतील ताजा रक्तस्राव त्यात पांढरा उठून दिसतो. फुप्फुसात हायड्रोजन कमी आणि श्वासाची हालचाल सतत, म्हणून तेथेही एमआरआय मागे पडतो. पित्ताशयातील खड्यांसाठी तर साधी सोनोग्राफी पुरते: खड्यावर ध्वनिलहरी आपटून परत येतात आणि त्याच्यामागे काळी सावली पडते.

किरणोत्सर्गाची भीती आकड्यांत मांडलेली बरी. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. छातीच्या एका एक्स-रेची मात्रा सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट असते, तर पोटाच्या सीटी स्कॅनची सुमारे ८ ते १०. म्हणजे भीती बाळगायचीच असेल तर ती विनाकारण पुन्हापुन्हा केलेल्या सीटीची बाळगावी, एका एक्स-रेची नव्हे.

आता फोटोच्या प्रश्नाकडे वळतो, कारण मला त्यातच अधिक रस आहे. एक्स-रेची सावली एका अर्थी फोटोच्या जवळची आहे, पण सीटी आणि एमआरआय यांतील चित्र कोणी 'काढलेले' नसते, ते गणिताने रचलेले असते. गॉडफ्रे हाऊन्सफील्ड यांच्या पहिल्या सीटी यंत्रात १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचे डोके ठेवले गेले, तेव्हा किरणांची एक बारीक शलाका डोक्यातून आरपार सरकवायची, मग एक अंश वळून पुन्हा सरकवायची, असे १८० कोनांतून मोजमाप केले होते. त्यातून मिळाली ती केवळ आकड्यांची रास. प्रत्येक आकडा म्हणजे एका रेषेवरील सर्व अडथळ्यांची बेरीज होती आणि त्या बेरजांवरून मूळ आकडे शोधून काढायचे होते. तयार झालेले चित्र आडवे ८० आणि उभे ८० चौकोनांचे होते. आजच्या मोबाइलच्या चिन्हाएवढे म्हणा. हे कोडे सुटू शकते, हे योहान राडॉन या गणितज्ञाने १९१७ सालीच सिद्ध केले होते. १९५६ साली रोनाल्ड ब्रेसवेल यांनी तशीच पद्धत रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींवरून आकाशाचा नकाशा रचण्यासाठी मांडली. आकाश आणि कवटी यांना एकच गणित चालते, याचे मला अजूनही नवल वाटते.

जवळचे उदाहरण हवे असेल तर नारायणगावजवळील खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचे घ्या. तेथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. त्यांतील कोणतीही एक तबकडी सूक्ष्म चित्र देऊ शकत नाही. दोन-दोन तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात, प्रत्येक जोडी चित्रातील एका विशिष्ट बारकाव्याचे प्रमाण मोजते आणि सर्व प्रमाणे एकत्र करून संगणक आकाशाचे चित्र उभे करतो. एमआरआय यंत्रही असेच वागते: जागेनुसार बिंदू टिपत नाही, तर बारकाव्यांची प्रमाणे गोळा करते. अर्धा तास लागतो तो त्यामुळे, आणि मध्येच रुग्ण हलला तर एखादाच कोपरा न बिघडता संपूर्ण चित्रावर पुसट लाटा उमटतात, त्याही त्याचमुळे.

शिवाजीपार्ककर:

दोघांचेही मनापासून आभार. फिल्म खिडकीशी धरून पाहिली. खाच खरोखरच दिसते, आणि सासऱ्यांनी ती माझ्याआधी ओळखली. एक शंका राहिली. आत जाण्यापूर्वी शरीरात धातू आहे का, असे सासूबाईंना तीनदा विचारले गेले. २००४ साली मनगटात बसवलेली पट्टी त्यांना तिसऱ्या वेळी आठवली आणि मग कागदपत्रांसाठी आमची घरी शोधाशोध झाली. पट्टी होती म्हणून काही धोका होता का?

स्कॅनवाला:

बहुधा नव्हता. अशा पट्ट्या टायटॅनियमच्या किंवा चुंबकाकडे न ओढल्या जाणाऱ्या पोलादाच्या असतात. त्या फार तर आजूबाजूचे चित्र विस्कटतात, आणि मनगट कमरेपासून दूर आहे. तरीही आम्ही विचारतो, कारण तो चुंबक द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंशांना ठेवलेला असतो आणि दिवस असो वा रात्र, कधीच बंद नसतो. २०१८ साली मुंबईतच एका रुग्णालयात प्राणवायूचे सिलिंडर खोलीत नेल्यामुळे एकाचा जीव गेला होता. पट्टीपेक्षाही आम्हाला अधिक काळजी वाटते ती डोळ्यात रुतलेल्या लोखंडाच्या बारीक कणाची, कारण तो क्षेत्रात सरकू शकतो आणि माणसाला वर्षानुवर्षे त्याचा पत्ताही नसतो. आपले सासरे वर्कशॉपमध्ये होते असे आपण लिहिले आहे. ग्राइंडरवर काम करताना डोळ्यात कण गेल्याचे त्यांना आठवत असेल, तर त्यांच्या एमआरआयची वेळ येईल तेव्हा आम्ही आधी त्यांच्या डोळ्यांचा एक्स-रे मागू.