किल्लारीनंतर 52 गावं हलवली, ते बरोबर होतं का?

ओळंबा
माळीण, तळिये, इर्शाळवाडी. दरड कोसळली की गाव दुसरीकडे वसवायचं, आणि तिथं ते रास्तच आहे, कारण धोका त्या डोंगरउतारालाच असतो. पण 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादची 52 गावं हलवली, ते मला पटत नाही. गाव दोन-तीन किलोमीटर सरकवून भूकंपाचा धोका तसूभर कमी होत नाही. जीव घेतला तो घरांनी.

भिंत दोन पदरी, आतबाहेर मोठे दगड आणि मधे कपच्या नि चिखल. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड नाहीत. हादऱ्यानं मधला भर खाली बसतो, भिंतीला पोट सुटतं आणि पदर सुटे होऊन कोसळतात. वर माळवदाची, म्हणजे लाकडी तुळयांवरच्या सपाट धाब्याची, पांढरी माती. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी नवा थर चढवायचा, असं करत ती दीड-दोन फूट होते. म्हणजे चौरस मीटरमागे पाऊण टनाच्या आसपास वजन. हे दोष जागच्या जागी दूर करता येतात. त्यासाठी गावठाण सोडायची गरज नव्हती.

तेरणाकाठ
भिंतीचं बरोबर सांगितलंत, पण माणसांचा विचार राहिला. गणपती बोळवून लोक झोपले होते, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भिंती अंगावर आल्या. जिथं घराघरातून प्रेतं काढली, तिथं पुन्हा दगडी भिंतीआड झोपायला कोण तयार होणार होतं? गाव हलवा, ही मागणी लोकांचीच होती. ती नुसती भीती म्हणून बाजूला सारणं अन्याय आहे.

दुसरं, ढिगारा. सहा बाय पाच मीटरचं साधं घर धरा. अडीच फूट जाड भिंती आणि माळवद मिळून साठ घनमीटर दगडमाती होते, म्हणजे बारा-पंधरा ट्रक. तीही बैलगाडी जेमतेम जाईल अशा बोळातून काढायची, आणि खाली लोकांचं धान्य, दागिने, भांडी. अख्खं गाव असं उपसेपर्यंत लोकांनी पत्र्याच्या शेडमध्येच राहायचं होतं का?

बलुतं
तेरणाकाठ, मागणी लोकांची होती हे मान्य. पण ती पहिल्या काही आठवड्यांतली होती, आणि आराखडा पुढच्या पिढ्यांसाठी कायम झाला. घर जमिनीवरून ठरलं: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरला 450, त्यावर 750. ज्याच्या घरात जास्त माणसं, त्याला जास्त जागा, असा हिशेबच नाही. 250 फुटांत बैल कुठं बांधणार, कडबा कुठं रचणार, ज्वारीची पोती कुठं ठेवणार? जुना वाडा बंदिस्त होता, आतल्या चौकात बायकांची निम्मी कामं व्हायची. नव्या गावात चौकोनी प्लॉट, शहरासारखे सरळ रुंद रस्ते आणि दाराबाहेर थेट रहदारी. गाव जुन्याच्या कितीतरी पट पसरलं. तेवढी पिकाऊ जमीन त्यात गेली, आणि पाण्याची लाईन, गटार, दिवे यांचा खर्च कायमचा ग्रामपंचायतीच्या गळ्यात पडला.

जोतं
दोन्ही बाजू 52 गावांवरच अडकल्यात. पुनर्वसनाच्या त्याच सरकारी कार्यक्रमात काही हजार गावांतली सुमारे दोन लाख घरं जागेवरच दुरुस्तीला घेतली होती. ओळंबा म्हणतात तो प्रयोग तिथं झालाच, आणि तो अर्धवट फसला. बहुतेकांनी पैशातून जुन्या घराला लागून सिमेंटची एक खोली बांधली आणि जुनी भिंत होती तशीच सोडली. वापर मात्र दोन्हींचा चालू राहिला. मजबुती दिसत नाही, खोली दिसते.

सुधारणा झाली ती ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या मदतीनं गावोगावी महिला मंडळांच्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या तेव्हा. भिंती एकत्र बांधून ठेवणारा आडवा पट्टा कशासाठी, सिमेंट किती, गवंडी काय चुकवतोय, हे घरातल्या बाईला समजावणारं कुणीतरी गावातच मिळालं. 2001 च्या भूकंपानंतर गुजरातमध्ये बहुतेक गावांनी स्थलांतर नाकारलं. तिथं मालकानं स्वतः बांधायचं आणि इंजिनिअरनं काम तपासलं की पुढचा हप्ता, ही पद्धत चालली. तपासणीविना पैसे दिले तर आपल्याकडचीच गत होते.

तेरणाकाठ
जोतं, म्हणजे जागेवरची दुरुस्ती कागदावर सोपी, हेच तुम्ही सिद्ध केलंत. आरपार दगडाचं काम शंभर घरांत नीट करून घेणारा गवंडी त्या वेळी कुठून आणणार होता? हलवलेल्या गावांत निदान प्रत्येकाला पट्टा असलेलं घर मिळालं.

ओळंबा
मिळालं, आणि पुढं काय झालं तेही पाहा. जागा पुरेना म्हणून लोकांनी त्या घराला टेकून, जुन्या गावचे दगड-लाकूड आणून, पुन्हा तशाच खोल्या बांधल्या. त्यांना पट्टा नाही, आरपार दगड नाही. तुम्ही गाव हलवलंत, पण भिंत मागोमाग आली. म्हणून वाद 1993 चा असला तरी काम आजचं आहे.

गवंड्याला हे शिकवता येतं. भिंतीतून एक-एक दगड पहारीनं हलकेच सोडवायचा, घण घालायचा नाही. भोक दोन्ही तोंडांना मोठं, मधे निमुळतं ठेवायचं. अर्धं काँक्रीट, मग दोन्ही टोकांना आकडा केलेली 8 मिमी सळई, मग उरलेलं काँक्रीट. अशी भोकं मीटर-मीटरवर, खालच्या-वरच्या ओळी आडव्या सरकवून. चूक होते ती इथं: गवंडी तोंडं लिंपतो आणि मधे पोकळी ठेवतो. नाहीतर टंचाईत दहा दिवस पाणीच मारत नाहीत. दारा-खिडक्यांच्या वरून जाणारा जाळीचा पट्टा आत-बाहेर दोन्हीकडून, चारही कोपऱ्यांत न तोडता. खांब आणि तुळईच्या सांध्यात तिरके टेकू.

बलुतं
माळवदाचं काय? ते राहिलं तर हे सगळं करून काय उपयोग?

ओळंबा
तेच पहिलं काम. माती 20 सेंटिमीटरच्या आत आणायची, मधे प्लास्टिकचा कागद घालायचा, म्हणजे गळतीसाठी दर वर्षी थर चढवावा लागत नाही. माती उतरवून झाल्याशिवाय भिंतीतला एकही दगड हलवू नका. वर टनावारी वजन असताना पोट सुटलेल्या भिंतीत भोक पाडलं, तर ती दुरुस्तीतच बसते.