मदत हवी आहे: बोगनवेल आणि झान बारे

नमस्कार मंडळी. आठवीतल्या लेकीला वर्गात बोगनवेलीवर पाच मिनिटं बोलायचंय. नाव फ्रेंच दर्यावर्दी बुगनव्हिलवरून आलं, हे माहीत होतं. पण १७६७ मध्ये ब्राझीलमध्ये या वेलीची नोंद करणाऱ्या, बुगनव्हिलच्याच सफरीवर असलेल्या कॉमर्सों या वनस्पतिशास्त्रज्ञासोबत त्याची मदतनीस झान बारे होती, तीही पुरुषी वेषात! नौदलाच्या जहाजावर बायकांना बंदी होती ना. पृथ्वीप्रदक्षिणा करणारी ती पहिली ज्ञात स्त्री. कॉमर्सोंचं नाव कितीतरी वनस्पतींना मिळालं. हिच्या नावाची 'सोलॅनम बारेतिए' यायला थेट २०१२ उजाडलं. आणि तीसुद्धा वांग्या-बटाट्याच्या कुळातली!

झानवर मराठीत एखादा लेख, पुस्तक, दिवाळी अंकातलं काही आठवतंय का कुणाला? इंग्रजीही चालेल, फक्त लेकीला झेपेल असं. शनिवारच्या आत सांगा प्लीज.